डॉर्कस ॲलीचे चार वाफे

नऊ जानेवारीला, गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता डॉर्कस ॲली तळघरात उतरली तेव्हा तिच्या हातात कॉफीचा मग होता. दिवे लागून अर्धा तास झाला होता. ती पहिल्या वाफ्यापाशी वाकली, मग दुसऱ्यापाशी गेली, पुन्हा पहिल्यापाशी आली. हातातला मग तिने कुठेतरी टेकवला आणि ती विसरलीच.

रोपांचे शेंडे वळले होते. कोवळी पानं पसरायच्या ऐवजी कडांनी आत मुडपून चमच्यासारखी झाली होती आणि वरचा देठ पिळल्यासारखा दिसत होता. गांजाचं पान का वळतं याची दहा कारणं डॉर्कसला तोंडपाठ होती. पाणी जास्त झालं की पान खाली लोंबतं, खत जास्त झालं की टोक करपतं, दिवा जवळ आला की कडा वर उचलल्या जातात. हे त्यातलं नव्हतं. असं पान तिने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, तेही लोकांच्या घरी, आणि दोन्ही वेळा त्या लोकांना तिने एकच प्रश्न विचारला होता: "घेवडा पेरून बघितला होता का?"

आता तो प्रश्न विचारायला तळघरात दुसरं कोणी नव्हतं. तिने सोळाच्या सोळा रोपं पुन्हा एकदा पाहिली आणि मोठ्याने म्हणाली, "नाही बघितला."

टॅलबट कोव्ह या अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावात डॉर्कसला ओळखत नाही असं माणूस नाही. जन्म १९४८चा. पंधराव्या वर्षी ती तारलीच्या कारखान्यात लागली. माशाचं डोकं आणि शेपूट कात्रीने उडवायचं आणि मधला तुकडा डब्यात बसवायचा, हे काम बायका उभ्याने करत. कात्रीने कापू नये म्हणून दहाही बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली असे. शेजारच्या टेबलावर लॉरेना पीबडी असायची, तिची बालमैत्रीण. लॉरेनाचे दोन डबे भरेपर्यंत डॉर्कसचे तीन होत, आणि लॉरेना हे आजही सगळ्यांना सांगते, जणू तीन डबे तिनेच भरले होते. कारखाना बंद पडला त्या दिवशी डॉर्कस कात्री खिशात घालून घरी आली. कोणी परत मागितली नाही. गांजाच्या मंजिऱ्या छाटायला आजही तीच कात्री आहे, आणि तिच्यासारखी छाटणी करणारा माणूस त्या अख्ख्या किनाऱ्यावर नाही. बाहेरची मोठी पानं उडतात, आतल्या बारीक पानावरची चिकट साय तशीच राहते, आणि मंजिरीला हात लागल्याचा डाग दिसत नाही.

रॉयस, तिचा नवरा, शेवंडी धरायचा. एकोणनव्वद सालच्या ऑक्टोबरात तो धक्का आणि होडी यांच्या मधोमध पडला आणि त्याची पाठ कायमची गेली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं, पण त्याबरोबर रॉयसही थांबायचा. जेवता जेवता ताटावर मान टाकायचा. मग त्याच्या लष्करातल्या एका मित्राने कागदाच्या पुडीत अकरा बिया आणून दिल्या. तेव्हा हे कायद्याला मंजूर नव्हतं. डॉर्कसने तळघराच्या आतल्या खोलीच्या दारापुढे मुरंब्याच्या बरण्यांचं फडताळ उभं केलं आणि गावातल्या दुकानातून पोत्यातली माती आणली.

त्या मातीत रोपं आली, पण उपाशी पोरांसारखी आली. लांबच लांब, पिवळट, मान टाकलेली. डॉर्कसने ती उपटली नाहीत. खिडकीत उभी राहून ती समोरच्या किनाऱ्याकडे बघत राहिली. वादळानंतर शेवाळाचे ढिगारे किनाऱ्यावर कुजत पडत. शेवंडीच्या खानावळीमागे कवचांची रास असे. ओढ्याकाठी पाच-सहा वर्षांचा पालापाचोळा एकावर एक साचलेला होता. यातलं काहीच विकत आणावं लागत नव्हतं. शेवाळ तिने एक अख्खा हिवाळा पावसात आणि बर्फात उघड्यावर टाकलं, कारण मीठ धुऊन गेल्याशिवाय ते मातीत घालता येत नाही. कवचं उन्हात वाळवून हातोडीने फोडली. पाचोळा चाळला. हेरिंग मासळीचे तुकडे, गांडुळं, जुनी माती असं सगळं एकत्र करून रॉयसने बसल्या बसल्या ठोकलेल्या लाकडी वाफ्यात भरलं, ओलं केलं, झाकलं, आणि लोणच्यासारखं मुरू दिलं. पहिल्या आठवड्यात आत हात घातला तर माती चटका बसण्याइतकी गरम होती. दीड महिन्याने ती थंड झाली आणि तिला पावसानंतरच्या रानाचा वास येऊ लागला.

ते वर्ष एक्क्याण्णव. तो पहिला वाफा. नंतर चौऱ्याण्णवचा, नव्व्याण्णवचा आणि दोन हजार चारचा असे आणखी तीन झाले, आणि त्यांची नावं त्या सालांवरूनच पडली. यातली माती डॉर्कसने कधी फेकली नाही, कधी खणली नाही. पीक आलं की बुंधा जमिनीलगत कापायचा, मुळं आतच कुजू द्यायची, वरून शेवाळ-कवचांचा पातळ थर द्यायचा, आणि बाजूला नवं रोप. चौतीस वर्षांत त्या मातीत पोत्यातली माती पुन्हा गेली नाही, बाटलीतलं औषध गेलं नाही. रॉयस म्हणायचा, "या घरात माझ्याआधी वाफ्यांचं पान वाढलं जातं." तो दोन हजार नऊला गेला. त्यानंतरच्या वर्षी डॉर्कसने औषधी गांजा लावण्याचं सरकारी कार्ड काढलं, फडताळ दारापुढून हलवलं, आणि पाच आजारी माणसांसाठी रीतसर लागवड सुरू केली. जास्त माणसं घेता आली असती. ती म्हणायची, पाचांची नावं लक्षात राहतात आणि पाचांच्या घरी जाऊन बसता येतं.

घेवड्याची रीतही तिचीच. निदान त्या गावात तरी. बाहेरचं काहीही मातीत घालायचं असेल, मग ते सख्ख्या भावाने दिलेलं असो, आधी तीन कुंड्यांत ते मिसळायचं, तीन कुंड्यांत नुसती आपली माती घ्यायची, आणि सहाही कुंड्यांत घेवडा पेरायचा. तीन आठवडे थांबायचं. गवताच्या रानावर फवारायचं एक तणनाशक असतं. ते गवतात राहतं, घोड्याने गवत खाल्लं तर लिदीत राहतं, लीद वर्षभर कुजवली तरी राहतं. गवताला त्याने काही होत नाही. घेवडा, टोमॅटो, गांजा यांची मात्र पानं वळतात आणि रोप तिथेच खुंटतं. हे डॉर्कसने गावच्या शेतकरी सभागृहातल्या मासिक बैठकीत इतक्यांदा सांगितलं होतं की ती उभी राहिली की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणे, "आला घेवडा."

आणि दोन नोव्हेंबरला तिने स्वतः घेवडा पेरला नव्हता.

लीद मर्टन क्रॉलीकडची होती. मर्टनचं कोठार तिच्या घरापासून पाव मैलावर, आणि त्याच्या घोड्यांची लीद ती चाळीस वर्षं ओळखत होती. त्या शनिवारी ती ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली. मूठभर नाकाशी धरली. काळीभोर, मऊ, रानाचा वास. ही काय पेरून बघायची, असं तिच्या मनात आलं, आणि घरी येऊन तिने प्रत्येक वाफ्याला एकेक बादली घातली. एक्क्याण्णवच्या वाफ्याला दोन घातल्या, कारण तो सगळ्यात जुना आणि तिचा लाडका. मग सहा आठवडे माती मुरू देऊन चौदा डिसेंबरला त्यात कलमं लावली.

विषाला वास नसतो, एवढंच ती विसरली होती.

नऊ जानेवारीलाच तिने प्रत्येक वाफ्यातली माती घेऊन कुंड्या भरल्या आणि घेवडा पेरला. तीस तारखेपर्यंत वाट पाहायची खरं तर गरज नव्हती, पण ती थांबली. तीस तारखेला चारही वाफ्यांतल्या मातीचा घेवडा मुठी आवळून बसला होता. वरच्या खोलीत खिडकीपाशी तिची दोन मातृरोपं होती, ज्यांची कलमं ती काढायची. त्यांच्या कुंडीत ती लीद गेली नव्हती. त्यांच्या मातीतही तिने त्याच दिवशी घेवडा पेरला होता, तो सरळ उभा होता. तिने तळघरातली सोळा रोपं बुंध्यापाशी कापली, बूट घातले आणि मर्टनच्या कोठाराकडे गेली.

मर्टन एका घोडीचा खूर मांडीवर घेऊन खरवडत होता.

"मर्टन, ही लीद ज्या गवताची, ते गवत कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आपलंच."

"तेवीस सालचा उन्हाळा आठव. जुलैभर पाऊस. तुझं आपलं गवत रानातच कुजलं होतं."

मर्टनचा हात थांबला. "हो की. मग पलीकडून, कॅनडातून दोन ट्रक आणले. सुरेख गवत होतं, डॉर्कस. एक तण नव्हतं त्यात."

बोलून झाल्यावर त्याने स्वतःच तिच्याकडे पाहिलं.

"एक तण नव्हतं," डॉर्कस म्हणाली.

"पण माझे घोडे ठणठणीत आहेत."

"घोड्यांना पानं फुटत नाहीत, मर्टन."

त्याने खूर हळूच खाली सोडला. सत्तरीचा माणूस, पण कान लाल झाले. "म्हणजे तुझ्या मातीचं वाटोळं मी केलं. चौतीस वर्षांची माती."

"तू लीद दिलीस. बघायचं काम माझं होतं. ते मी नाकावर सोपवलं." ती घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. "ही लीद आणखी कोणाला दिलीस?"

"ओरिनला. आणि पाद्र्याच्या बायकोला, तिच्या टोमॅटोसाठी. दोघांनी अजून घातलेली नाही. वसंतात घालणार म्हणत होते."

"मग मला बैठकीला जावं लागणार," डॉर्कस म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून मर्टनला कळलं की पाव मैल चालत त्याच्याकडे येणं हे यापेक्षा सोपं होतं.

पण बैठकीआधी तिचा मुलगा आला. कार्लटन चोपन्न वर्षांचा, दीड तासावरच्या गावात त्याचं गांजाचं परवान्याचं दुकान होतं आणि मागे मोठी शेड. त्याची रोपं दगड वितळवून काढलेल्या धाग्यांच्या लोकरीत वाढत आणि नळीतून बाटलीतलं अन्न पीत. दुकान चांगलं चालायचं. आईच्या वाफ्यांना तो 'म्हाताऱ्यांचा वॉर्ड' म्हणे आणि ती त्याच्या शेडला 'सलाइनचा वॉर्ड'.

रविवारी दोन फेब्रुवारीला तो तळघरात उभा राहिला, कापलेले बुंधे पाहिले, घेवड्याच्या कुंड्या पाहिल्या.

"फेकून दे, आई."

"काय?"

"माती. सगळी. मी पिकअप आणतो, दोन माणसं आणतो, एका सकाळी रिकामं होईल. चाळीस पोती चांगली माती आणून टाकतो. मार्चमध्ये तुझी रोपं उभी."

"पोत्यातली."

"पोत्यातली. त्यात विष नाही, हा एक गुण आहे तिच्यात."

डॉर्कस चौऱ्याण्णवच्या वाफ्याच्या कडेवर बसली. "ही माती जिवंत आहे, कार्लटन. यात जे आहे ते खाऊन टाकणारेही यातच आहेत. त्यांना ऊब हवी, हवा हवी, वेळ हवा."

"किती वेळ? वर्ष? दोन वर्षं? तुला सत्त्याहत्तरावं चालू आहे."

"माझं वय मला माहीत आहे. जन्मले त्या दिवशी मी तिथेच होते."

कार्लटन हसला नाही. "आणि ते पाच जण? लॉरेनामावशी काय करेल? उपचार चालू आहेत तिचे. दोन झुरके घेतल्याशिवाय घासभर उतरत नाही म्हणते."

हा घाव डॉर्कसला बरोबर बसला.

"तोवर तुझ्याकडचं दे तिला. पाचही जणांना दे. मला पंधरा मेपर्यंत वेळ दे. पंधरा मेला ज्या वाफ्यात घेवडा वळलेला असेल, त्यातली माती तू फावड्याने काढून ने. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू? एक शब्द नाही?"

"पण पेरणार मी. तू लांबून बघायचं."

कार्लटनने हात पुढे केला आणि त्यांनी व्यवहार ठरल्यासारखा हात मिळवला. त्यानंतर तो वर जाऊन तिच्या हातचं हॅडक माशाचं कालवण दोन वाडगे जेवला आणि जाताना दारात म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या वॉर्डाला माझा नमस्कार सांग."

अकरा फेब्रुवारीच्या बैठकीला तीसेक माणसं होती. डॉर्कस दोन कुंड्या घेऊन गेली. एकीतला घेवडा सरळ, दुसरीतला मुडपलेला. ती उभी राहिली तेव्हा सवयीने मागून आवाज आला, "आला घेवडा."

"आला," ती म्हणाली. "हा माझ्या घरचा आहे."

मग तिने तारखांसकट सगळं सांगितलं. मर्टनचं नाव घेतलं, कारण घेतलं नसतं तर लोकांनी स्वतःच्या डोक्याने नावं घातली असती. मर्टनला गवत फवारलेलं आहे हे माहीत नव्हतं आणि पेरून बघायची जबाबदारी तिची होती, हेही तिथेच सांगितलं. तिने आवाज कमी केला नाही आणि एकदाही खाली पाहिलं नाही.

शेवटी ओरिनने घसा साफ केला. तो पलीकडच्या वाडीत राहायचा आणि त्याच्या पडवीत दोन वाफे होते. "म्हणजे डॉर्कस, तुझं नाक निवृत्त झालं म्हणायचं."

"झालं. निरोपसमारंभ आजच आहे. तुझ्या दारातला तो ढीग कुठे आहे?"

"ताडपत्रीखाली. अजून हात नाही लावला."

"लावू नकोस."

ओरिनने मान हलवली. मग तो उठला, पुढे आला आणि मुडपलेल्या घेवड्याची कुंडी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. परत ठेवताना म्हणाला, "आमच्याकडे कलमं रुजायला टाकलीयत मी. हीच लीद घातलेल्या मातीत गेली असती." त्याच्याकडून आभाराचे शब्द कोणी कधी ऐकले नव्हते आणि त्या दिवशीही ऐकले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात डॉर्कसच्या पायरीवर फोडलेल्या लाकडांची एक गाडी येऊन पडली. तळघर ऊबदार ठेवायला तिला तीच हवी होती.

आणि मग डॉर्कसने तळघरात ओट पेरले.

ओट म्हणजे गवतच. तणनाशक त्याला काही करत नाही, आणि त्याची मुळं मातीतल्या जिवांना खायला घालत राहतात. मातीत मुळं नसली तर माती उपाशी मरते, असं डॉर्कसचं मत होतं. चारही वाफे फेब्रुवारीअखेर हिरवेगार झाले. बाहेर कमरेइतका बर्फ, आणि खाली दिव्यांच्या उजेडात ओटचं रान. दर दहा दिवसांनी ती माती काट्याने हलकेच उचलून हवा द्यायची, कोमट पाणी शिंपडायची, आणि एक दिवसाआड गरम पाण्याच्या बाटल्या वाफ्यांत पुरायची. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक वाफ्यातून माती काढून घेवडा पेरायची, आणि तुळईवर पेन्सिलने तारीख घालून वाफ्याच्या नावापुढे लिहायची: वळला, वळला, वळला, वळला.

मर्टन ओट बघायला आला तेव्हा टोपी काढून उभा राहिला, चर्चमध्ये उभा राहतो तसा.

"केवढे आलेत. कापल्यावर हे माझ्या घोड्यांना घालू का?"

डॉर्कसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नको," मर्टन घाईने म्हणाला. "नको. म्हणजे परत तिकडूनच फिरून आलं असतं."

"शिकतोयस."

लॉरेना दर बुधवारी येऊन खाली बसायची. तिचे केस गेले होते आणि डोक्यावर नातवाची लोकरी टोपी असायची. तिला जिने चढवत नव्हते, उतरणं जमायचं. वर जायला डॉर्कस मागून हात लावायची.

"कार्लटनचं कसं आहे?" डॉर्कसने मार्चमध्ये एकदा विचारलं.

"चालतं. भूक लागते. कामाला काही खोट नाही." लॉरेना ओटवरून हात फिरवत होती. "पण दुकानातल्या पावासारखं लागतं गं. पोट भरतं, आणि आपण काय खाल्लं ते आठवत नाही."

"त्याला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? बिचारा स्वतः घरी आणून देतो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू माझ्यासाठी घाई करू नकोस. मला काही एवढ्यात मरायचं नाहीये. पण तुझ्याकडचं आलं की पहिलं माझं."

"पहिलं तुझंच असतं नेहमी."

"नेहमी कुठलं? पहिली तूच असायचीस. डबे मोजायचो तेव्हा." आणि दोघी हसल्या.

तीन एप्रिलला दोन हजार चारच्या वाफ्यातल्या घेवड्याचं पहिलं पान सपाट उघडलं, दुसरं किंचित मुडपलं. डॉर्कसने तुळईवर लिहिलं: अर्धा. चोवीस एप्रिलला त्या वाफ्यापुढे 'सरळ' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. चौऱ्याण्णव आणि नव्व्याण्णव अर्धे होते. एक्क्याण्णवचा अजून वळत होता. तिने त्याला जास्त बाटल्या दिल्या, जास्त वेळा हवा दिली, बाकीच्या वाफ्यांतली गांडुळं वेचून त्यात सोडली. दोन बादल्या घातल्या होत्या, ते दिसत होतं.

पंधरा मे, गुरुवार. कार्लटन नऊ वाजता आला. पिकअपमध्ये फावडं होतं आणि रिकाम्या पाट्या होत्या. डॉर्कस सकाळपासून खालीच होती. तिने चारही वाफ्यांच्या कडेला शेवटच्या पेरणीच्या कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. ती एका बाजूला भिंतीपाशी उभी राहिली, हात मागे बांधून.

कार्लटनने दोन हजार चारची कुंडी उचलली. घेवड्याची तीन पानं, तळहातासारखी उघडी. त्याने पान उलटं करून पाहिलं, बोटाने देठ चाचपला. मग नव्व्याण्णवची. सरळ. चौऱ्याण्णवची. सरळ. तो परत पहिल्या कुंडीकडे गेला आणि पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. मग त्याने नव्व्याण्णवच्या वाफ्यात हात खुपसला, मूठभर माती वर काढली, आणि ओठ मुडपून तशीच धरून उभा राहिला.

"साडेतीन महिन्यांत," तो म्हणाला. "माझ्याकडचा मातीवाला म्हणाला होता, दोन वर्षं. कमीत कमी."

डॉर्कस काही बोलली नाही. एक शब्द बोलणार नाही म्हणाली होती.

"बोल की, आई. आता बोललीस तर चालेल."

"चौथी कुंडी बघ."

चौथीतला घेवडा वळलेला होता. आधीपेक्षा कमी, पण वळलेला. कार्लटनने ती कुंडी बराच वेळ हातात धरली. फावडं त्याने भिंतीला टेकवून ठेवलं होतं, ते उचललं नाही.

"याला आणखी दोन महिने देऊ या. होईल हाही. बाकीचे झालेच की."

"पंधरा मे म्हणजे पंधरा मे."

"आई, हा बाबांनी ठोकलेला वाफा आहे. पहिला."

"फळ्या राहतील. माती जाईल." ती पुढे आली आणि तिने स्वतः फावडं उचलून त्याच्या हातात दिलं. "माझे पाच जण वाट बघतायत. तीन वाफे साफ झालेत आणि वर कलमं तयार आहेत. एका वाफ्याच्या हट्टापायी मी तीन वाफ्यांशेजारी ती माती ठेवणार नाही. एकदा मी लाडाने दोन बादल्या घातल्या. आता पुन्हा लाड नाहीत."

साडेबारापर्यंत ते दोघं माती काढत होते. कार्लटन फावड्याने पाट्या भरायचा आणि वर न्यायचा. डॉर्कस कोपऱ्यांतली माती हाताने खरवडायची. मध्येच एकदा तिला चौतीस वर्षांपूर्वीच्या शेवंडीच्या कवचाचा तुकडा सापडला, पातळ आणि पांढरा. तिने तो बोटांत चुरला आणि पाटीत टाकला. ती माती मर्टनने आपल्या गवताच्या रानात पसरून घेतली, आणि त्या रानातल्या गवताची लीद कोणाला द्यायची नाही असं कोठाराच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दुपारी जेवण झाल्यावर डॉर्कसने अंगणात ताडपत्री अंथरली. दोन हिवाळे धुतलेलं शेवाळ, फोडलेली कवचं, चाळलेला पाचोळा. सगळं तिच्याकडे रचून ठेवलेलं होतं. ती गुडघे टेकून हाताने कालवायला बसली. कार्लटन जायला निघाला होता, पण पिकअपपाशी गेलेला परत आला आणि तिच्या समोर ताडपत्रीच्या दुसऱ्या कडेला बसला. त्याने बाह्या वर केल्या.

"यात काय घालायचं राहिलंय?"

"त्या तिन्ही वाफ्यांतली एकेक बादली. विरजण म्हणून."

"आणि मग किती दिवस?"

"लावायला दीड महिना. पण खरी चव यायला पाच वर्षं. एक्क्याण्णवच्या मातीलाही तेवढी लागली होती."

कार्लटन कालवता कालवता थांबला. "पाच वर्षांनी तू ब्याऐंशीची असशील."

"मग? माती पाचच वर्षांची असेल," डॉर्कस म्हणाली. "तिला कोणीतरी मोठं माणूस लागेलच. हात खालपर्यंत घाल, नुसतं वरवर नको. आणि बादल्या घेऊन ये."

तो उठला आणि तळघराच्या जिन्याकडे गेला.